परका बाप

बाप होण्यास कागद लागत नाही. बाप म्हणून मुलाजवळ राहण्यास मात्र हल्लीच्या काळी पुष्कळ कागद लागतात. आई-बाप आणि मूल एकाच देशाचे असतील, तर ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. रोजच्या वावरातल्या घराच्या भिंती जशा डोळ्यांना दिसेनाशा होतात, तशाच राज्याच्या सीमाही आपल्याला दिसेनाशा झालेल्या असतात. परंतु बाप एका देशाचा आणि मूल दुसऱ्या देशाचे असा योग आला, की त्या भिंती एकाएकी पुढे उभ्या राहतात. आणि जे नाते निसर्गाने दिले म्हणून आपण निर्धास्त असतो, ते सिद्ध करून दाखविण्याची पाळी येते.

असा योग आमच्याच घराण्यात आला. आमचे मूळ घर चौलास, नारळी-पोफळीच्या वाडीत. माझा एक पुतण्या जहाजदुरुस्तीच्या धंद्यात तयार झाला आणि थायलंडात, म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या तोंडच्या सयामात, लेम चबांग ह्या बंदरावर नोकरीस लागला. तेथेच त्याने संसार थाटला. बायको तिकडची; त्यामुळे झालेला मुलगाही जन्मतःच तिकडचा नागरिक. पुढे नोकरी संपली. त्याचे तेथील वास्तव्य नोकरीच्या आधारावर होते, म्हणून नोकरीबरोबर तेही संपले. आणि पाच वर्षांच्या मुलाला मागे ठेवून हा गृहस्थ चौलास परत आला. पाहुणा म्हणून त्याला तिकडे जाता येत होते. परंतु पाहुण्याला परतीची तारीख असते. बापाला ती असू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

त्या देशाच्या नियमांत ह्यावर तोड आहे. तेथील नागरिक असलेल्या मुलाच्या परदेशी आईस किंवा बापास केवळ त्या नात्याच्या बळावर ‘ओ’ वर्गाचा व्हिसा मागता येतो. अर्ज देशाबाहेरून करावयाचा. २०२५ च्या जानेवारीपासून तो सर्वत्र संगणकावरूनच करावा लागतो. प्रथम नव्वद दिवसांची मुभा मिळते, आणि मग तेथील कचेरीतून वर्षावर्षाची मुदतवाढ मागावयाची असते.

घरात सरकारी कागद आला की तो माझ्यापुढे यावयाचा, ही आमच्याकडील जुनी वहिवाट; कारण मी इंग्रजीचा अध्यापक. ह्या खेपेचे कागद थाई लिपीत होते. पुतण्या एकेक अक्षर लावून वाचू लागला आणि मी चकित झालो. जन्मदाखल्यास शब्द ‘सूतिबत्’. म्हणजे आपले ‘सूतिपत्र’. पुत्राचा ‘बुत्’ झालेला, पित्याचा ‘बिदा’. विवाहाला जो शब्द आहे, त्याचा उच्चार ‘सोमरोत’ होत असला तरी लिहिताना तो ‘समरस’ असाच आहे! दोन माणसांच्या संसाराला ह्याहून सुंदर नाव आम्हां संस्कृताच्या वारसदारांनाही सुचले नाही. परंतु मला सर्वांत आवडला तो त्यांचा स्वतःचा, संस्कृताशी संबंध नसलेला शब्द. कुटुंबाला ते ‘ख्रोप ख्रुआ’ म्हणतात. ‘ख्रुआ’ म्हणजे स्वयंपाकघर आणि ‘ख्रोप’ म्हणजे झाकणे, पांघरूण घालणे. एका चुलीच्या छायेतली ती कुटुंबातली माणसे. आपल्या खानेसुमारीतही एका चुलीवर जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब धरतात. समुद्राच्या दोन बाजूंच्या लोकांना हा विचार सारखाच सुचावा, ह्यात मला फार समाधान वाटले.

ते समाधान फार वेळ टिकले नाही. पुतण्याने लग्न केले होते ते भिक्षूंना भोजन घालून आणि वडीलधाऱ्यांच्या हातून मनगटास सूत बांधवून. कचेरीत नोंद केलेली नव्हती. तेथील दिवाणी कायद्यात नोंदणीवाचून विवाह नाही. आणि विवाह नाही, तर १५४६ व्या कलमाप्रमाणे मूल केवळ आईचे. दाखल्यावर बापाचे नाव असले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो अद्यापि बाप झालेला नाही. तसा होण्याचे मार्ग पुढच्या कलमात दिले आहेत: आई-बापांनी मागाहून विवाह नोंदवावा, किंवा बापाने अर्ज करून मूल आपले म्हणून नोंदवून घ्यावे, किंवा न्यायालयाचा निवाडा आणावा. ह्यांपैकी दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यास १५४८ वे कलम एक अट घालते. त्याला आईची संमती पाहिजे, आणि मुलाचीही पाहिजे. मूल संमती देण्याइतके जाणते नसेल, तर न्यायालयाची पायरी चढणे आले.

मुलाची संमती! हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. बापाने मुलाला आपले म्हणावे की न म्हणावे, ह्या प्रश्नावर जगातील निम्मी नाटके आणि पाऊणशे टक्के कज्जे उभे आहेत. मुलाने बापाला आपला म्हणावे की नाही, हा प्रश्न विचारणारे कलम मी प्रथमच पाहिले. आणि पाहता पाहता मला कालिदासाची आठवण झाली. शाकुंतलात अंगठी हरवते म्हणून पत्नीची ओळख पटत नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर शकुंतलेपाशी कागद नव्हता. परंतु सातव्या अंकात काय होते? लहान भरताच्या मनगटावरची रक्षा खाली पडते. आई-बाप किंवा तो स्वतः ह्यांवाचून कोणी ती उचलली, तर तिचा सर्प होऊन डसावयाचा. दुष्यंत ती सहज उचलतो आणि काही होत नाही. राजाचे पितृत्व सिद्ध झाले ते राजमुद्रेने नव्हे, मुलाच्या अंगावरच्या वस्तूने. हेच नाटक थाई भाषेत आणणारा राजा वजिरावुध (राज्यकाल १९१० ते १९२५) ह्याच्या देशात असे कलम असावे, हा योगायोगच. पण मला तो गोड वाटला.

परका बाप ही गोष्ट आमच्या किनाऱ्यास तरी नवी नाही. अरब प्रवासी अल् मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, चौलास येऊन गेला. तो ह्या बंदराला ‘सैमूर’ म्हणतो. तेथे त्या वेळी शिलाहार राजा झंझ ह्याचा अंमल होता. आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन, बायका करून स्थायिक झालेले, व त्यांच्यापासून येथे जन्मलेले मिळून दहा हजार मुसलमान ह्या भागात राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. येथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असे निराळे नावही होते. त्यांचे व्यवहार पाहण्यास त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमला होता. त्या बापांना येथे राहण्याचा हक्क कोणत्या कागदाने दिला? बंदरात धंदा होता, घरात मूल होते, आणि राजाची आडकाठी नव्हती. तेवढ्यावर ते येथले झाले.

कुंडलिकेच्या मुखापाशी रेवदंड्याच्या समोर कोर्लई आहे. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन केला आणि त्यांचे शिपाई निघून गेले. परंतु त्या शिपायांच्या आणि येथील स्त्रियांच्या संसारातून निपजलेली एक मिश्र पोर्तुगीज बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरोघर बोलली जाते. राज्य बुडाले, तोफा गंजल्या. बापांनी मुलांच्या तोंडात ठेवलेले शब्द मात्र राहिले. बापपणाचा ह्याहून भक्कम दाखला कोणती कचेरी देणार?

आता राज्यांचे दिवस बदलले, हे मला कळते. दार उघडे असले की चांगल्याबरोबर लबाडही आत शिरतो. बाप म्हणविणारा प्रत्येक जण बाप असतोच असे नाही, आणि मुलांचा व्यापार करणारे लोक जगात आहेत. म्हणून कागद मागणाऱ्या कचेरीवर मी रागावणार नाही. आपलीच वही पाहू जाता, तीही फार उदार नाही. परदेशात जन्मलेल्या मुलास आपले नागरिकत्व १९९२ पर्यंत वंशाने मिळे ते बापाकडूनच. त्या वर्षाच्या दुरुस्तीने आईलाही तो अधिकार आला. आणि परदेशस्थांस आपण जे ओ.सी.आय. कार्ड देतो, त्याच्या पात्रतेच्या यादीत भारतीय नागरिकाची परदेशी पत्नी किंवा पती आहे, भारतीय आई-बापांचे अज्ञान मूल आहे. परंतु भारतीय मुलाचा परदेशी बाप, केवळ बाप म्हणून, तेथे नाही. नाते वरून खाली उतरलेले आपण ओळखतो. मुलाकडून बापाकडे वर चढणारे नाते थाई कायद्याने ओळखले, एवढे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

पुतण्याने पहिला मार्ग धरला. पाहुणा म्हणून जाऊन विवाह नोंदविला, परत आला, आणि नव्या कागदांसह येथून अर्ज केला. ही सारी हकीकत मी त्याच्या आईला समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली, आणि म्हणाली, “भावोजी, मग इतके दिवस हा त्या पोराचा कोण होता?” चाळीस कलमे वाचलेल्या मला त्याचे उत्तर देता आले नाही. रात्री दूरध्वनीवर ते पोर त्याला ‘फो’ म्हणून हाक मारी. बोलीत बापाला तिकडे हाच शब्द आहे. कायद्यातला ‘बिदा’ होण्याच्या कितीतरी आधी तो ‘फो’ झालेला होता.

व्हिसा मिळाला. आता दर वर्षी तेथील कचेरीत जाऊन मुदत वाढवून घ्यावयाची, मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत. त्यासाठी नाते कायद्याने असून भागत नाही, ते प्रत्यक्षातही असावे लागते. बाप मुलाजवळ राहतो, त्याला पोसतो, हे दाखवावे लागते. परदेशी म्हणून पुतण्याला ही परीक्षा जाचक वाटते, आणि ती आहेही. पण माझ्या मनात मात्र राहून राहून येते, की ज्यांना कोणी कधी काही विचारीत नाही, अशा आम्हां स्वदेशातल्या बापांपुढे कोणी वर्षातून एकदा हाच फॉर्म ठेवला, तर त्यावर बेधडक सही करणारे आमच्यात कितीजण निघतील?