उसातलं पाणी

बी.ई. होऊन बारा वर्षं झाल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, रात्री पाण्याच्या संगणकीय मॉडेलिंगचा पदव्युत्तर अभ्यास. गणिताला गंज चढला होता. एनपीटीईएलवरची जलविज्ञानाची मोफत व्याख्यानं मी दोन-दोनदा ऐकली.

कारण घरचंच होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला. सोलापूरकडे अतिवृष्टी, उजनीतून सोडलेलं पाणी, त्यात सीनेची भर. अफजलपूर तालुक्यातले आमचे काका-काकू अंगावरच्या कपड्यांनिशी रात्री घराबाहेर पडले. धरणातून पाणी सुटल्याचं त्यांना कळलं होतं. आपल्या दारात ते केव्हा आणि किती चढेल, एवढंच कळत नव्हतं.

प्रकल्पासाठी मी तोच पूर घेतला. हेक-रास हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बनवलेलं आहे. नदीचे छेद, जमिनीची उंची आणि विसर्ग दिला, की पाणी कुठे, केव्हा, किती चढेल ते दाखवतं. माझ्या उत्तरात पाणी काकांच्या दुसऱ्या पायरीवर थांबत होतं. प्रत्यक्षात ते खिडकीपर्यंत गेलं होतं. भिंतीवर गढूळ रेघ अजून आहे.

आठवडाभर आकड्यांत चूक शोधली. शेवटी काकांना फोन केला.

"काठाचं रान कसलं धरलास?"

"मोकळं."

काका हसले. "अरे, ऑक्टोबरात तिथं डोक्याच्या वर ऊस होता की! पाणी अडणार नाही तर काय?"

जमीन पाण्याला किती अडवते, ते मॅनिंगच्या गुणांकात मांडतात. पीक नसलेल्या रानाला तो साधारण ०.०३, दाट उभ्या पिकाला कितीतरी जास्त. मी उन्हाळ्यातलं उपग्रहचित्र बघून आकडा घातला होता. तो बदलल्यावर पाणी रेघेच्या वीतभर खाली आलं. ती वीत अजून शोधतोय.

पूर मला थांबवता येणार नाही. पण काकांना चार तास आधी कळलं, तर जनावरं सोडता येतील, काकूंची औषधं आणि घराची कागदपत्रं घेता येतील.

मंडळींना एकच विनंती. भीमा, कागिणा, मांजरा यांच्या काठी कुणाच्या घरावर अशी रेघ असेल, तर दिवाळीला भिंत रंगवण्याआधी तिची जमिनीपासूनची उंची मोजा, फोटो काढा आणि पुराची तारीख लिहून ठेवा. आमच्या अभ्यासाला तिचा फार आधार आहे.