आजोबांचं माप

आमच्या घरात पोळी गोल झाली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पोळी लाटणाऱ्या आजीला नव्हता. तो आजोबांना होता. ताटात पोळी पडली की ते ती दोन्ही हातांत धरून दिव्यासमोर उभी करत, डावा डोळा मिटत, उजवा बारीक करत आणि निकाल देत, "एक सूत ओव्हल आहे. चालेल."

"चालेल नाही, खा," आजी म्हणायची.

यात आजीच्या पोळीची बदनामी करण्याचा हेतू अजिबात नसे. आजोबा टर्नर होते. बत्तीस वर्षं त्यांनी लेथ मशीनवर लोखंड गोल केलं होतं. ज्या माणसाने सकाळी सात ते दुपारी साडेतीन फक्त गोल वस्तू पाहिल्या, त्याने रात्री पोळीकडे निर्विकारपणे पाहावं अशी अपेक्षा करणं चूकच.

आमचं बिऱ्हाड ठाण्याला, किसननगरच्या एका चाळीत, दोन खोल्यांत. आजोबांचा कारखाना वागळे इस्टेटीत. ठाण्याचं नाव काढलं की बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी, आणि दुसरं म्हणजे १९०१ पासून इथे असलेलं मनोरुग्णालय. पूर्वी कुणी जरा वेडंवाकडं बोललं की लोक सर्रास म्हणत, "याला ठाण्याला पाठवा." आजोबांना हे ऐकून वाईट वाटत नसे. ते म्हणत, "पाठवा की! आम्हीही कोकणातून असेच आलो. इथे कामाला माणसं कमीच पडतात."

आणि ते खरंच होतं. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला तो याच वागळे इस्टेटीत. आजोबा त्या सुमारास कामाला लागलेले. त्यामुळे महामंडळ आपल्याबरोबरच नोकरीला लागलं, असं ते सांगत. जणू दोघांनी एकाच खिडकीवर अर्ज टाकला होता! इतर गावांत रस्त्यांना थोर पुरुषांची नावं असतात. वागळे इस्टेटीत रस्त्यांना आकडे आहेत. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. बरं, आकडे आहेत म्हणजे ते ओळीने भेटतील अशी आशा धरून येणारा पाहुणा हमखास चुकायचा आणि घामाघूम होऊन पोचायचा. आजोबा त्याला पाणी देत समजावत, "अहो, रस्त्यांना दिलेत ते पार्ट नंबर आहेत. ते ओळीने कशाला लागतील?"

आजोबांची मापं इंचातली. १९५६ सालच्या कायद्याने देशात मीटर आणि किलो आले, १९५७ साली नवे पैसे आले. आजोबांनी नवे पैसे तेवढे स्वीकारले. बाकी त्यांचा कारभार जुनाच चालू राहिला. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. हे सुताराचं माप. टर्नरचं माप याहून बारीक. इंचाचे एक हजार भाग करायचे, त्यातला एक म्हणजे थाऊ. "थाऊजंड" हा शब्द पूर्ण उच्चारायला कारखान्यात कुणाला वेळ नसतो, म्हणून थाऊ. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. हे कळल्यापासून "केसाने गळा कापला" असं कुणी म्हटलं की आजोबा गंभीरपणे विचारायचे, "म्हणजे तीन थाऊने ना? मग फार काही गेलं नाही."

घरात त्यांचा एक मायक्रोमीटर होता. मखमलीचं अस्तर लावलेल्या पेटीत तो देवासारखा बसलेला असे. किंबहुना देवांना अशी पेटी नव्हती. दर रविवारी आंघोळ करून आजोबा तो काढत, मऊ फडक्याने पुसत आणि मला शिकवत. त्याचा स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की पंचवीस थाऊ पुढे सरकतो. चाळीस फेरे, एक इंच. मी शाळेची पट्टी मोजली, आजीची बांगडी मोजली, एकदा चुलत भावाचा कान मोजला. कानाचं माप दर वेळी वेगळं यायचं. आजोबा म्हणाले, "त्याला हसू येतंय. जॉब हलता कामा नये."

लहान मुलाच्या हातात स्क्रू आला की तो आवळतच सुटतो. मीही आवळायचो. आजोबा माझा हात धरत. मायक्रोमीटरच्या टोकाला एक छोटी मूठ असते, तिला रॅचेट म्हणतात. वस्तूला नीट टेकलं की ते किर्र किर्र वाजतं. "वाजलं की थांबायचं. टेकलंय एवढं पुरे. आणखी आवळलंस तर माप खोटं येतं आणि वस्तूला चट्टा पडतो तो वेगळाच."

आता आजीच्या डब्यांविषयी सांगायला हवं. आजीच्या बोटांना संधिवात होता. थंडीत तिला डब्याचं झाकण निघत नसे. फळीवर पितळेचे आणि स्टीलचे अकरा डबे. डाळीचा डबा उघडायलासुद्धा शेजारणीला हाक मारावी लागे. एक दिवस आजोबांनी झोपलेल्या आजीच्या मुठीचं माप घेतलं. ती जागी झाली आणि "अहो, हे काय चाललंय?" म्हणून ओरडली, तेव्हा आमच्या आईला वाटलं चोर शिरला. पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी एकेक पितळी मूठ घरी यायला लागली. लेथवर कातलेली, मधे किंचित फुगीर, आणि हात निसटू नये म्हणून अंगावर चौकटी-चौकटीचं नक्षीदार खरखरीत काम. त्याला नर्लिंग म्हणतात. अकरा डब्यांना अकरा मुठी बसल्या. बोटांनी उचकटायचं झाकण आता मुठीत धरून वर उचलायचं.

या मुठींसाठी लागणारे पितळेचे तुकडे कारखान्याच्या भंगारातले. पण प्रत्येक तुकडा आजोबांनी वजन करून, भंगाराच्या भावाने पैसे भरून, गेटपास करून बाहेर आणला होता. रेशनकार्डाच्या पिशवीत ते अकरा गेटपास कितीतरी वर्षं होते. "मापात पाप नको," ते म्हणत. वडील म्हणायचे, "अहो, भंगार ते, कोण विचारणार आहे?" आजोबा म्हणत, "डबा विचारील ना."

नव्वदीच्या दशकात वागळे इस्टेटीतले भोंगे एकेक करून गप्प व्हायला लागले. कुठे माल खपेना, कुठे मालक-कामगारांचं बिनसलं, कुठे मशीनपेक्षा खालची जमीन महाग झाली. एका सोमवारी आजोबांच्या कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. टर्नरच्या भाषेत मापापेक्षा जास्त कातलेला जॉब "मायनस" होतो, मग तो भंगारात जातो. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. बत्तीस वर्षांत आजोबांचे फार थोडे जॉब मायनस झाले होते. हा झाला, तो त्यांच्या हातून नव्हे.

त्यांनी घरी सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी नेहमीसारखे साडेसहाला डबा घेऊन सायकलवरून निघाले. साडेतीननंतर घरी आले. बुधवारी तसेच. असे अडीच महिने गेले. सात तारखेला पगारही आजीच्या हातात पडत होता. वडिलांना शंका आली नाही, कारण वडील सरकारी कचेरीत होते आणि कारखाना बंद पडतो ही कल्पनाच त्यांना पेलत नसे. त्यांच्या कचेरीत काम बंद असलं तरी कचेरी चालूच असायची.

स्फोट झाला तो माझ्यामुळे. एकदा दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून आम्ही मुलं हिंडत आयटीआयच्या चौकापर्यंत गेलो. तिथल्या चहाच्या टपरीपाशी बाकावर आजोबा बसलेले, भोवती आयटीआयची सात-आठ पोरं. आजोबा खडूने फरशीवर टूलचा कोन काढून दाखवत होते. समोर आपला डबा उघडा. पोरं त्यातली पोळी-भाजी खात होती. रात्री जेवताना मी विचारलं, "आजोबा, आज तुम्हाला सुट्टी होती का?"

पोळी दिव्यासमोर धरलेली होती, ती तशीच राहिली. वडिलांचा घास हातात राहिला. आजी शांतपणे आमटी वाढत म्हणाली, "सुट्टी कसली! दुसरी ड्यूटी लागलीय त्यांना."

आजोबांनी पोळी खाली ठेवली. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच मंगळवारी. शर्टाला तेलाचा वास नव्हता."

"पण नंतर तर डाग असायचे!"

"होते की! सायकलच्या चेनचं वंगण होतं ते. काळं. मशीनचं पाणी दुधासारखं पांढरं असतं, त्याचा डाग वेगळा. बत्तीस वर्षं धुतेय मी." मग जरा थांबून म्हणाली, "साबण मात्र फुकट जास्त गेला."

म्हणजे आजोबा रोज संध्याकाळी घरी येण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला सायकल उभी करून शर्टाच्या बाहीने चेन पुसत होते! एवढा चोख हिशेब करणारा माणूस, पण डागाचा रंग तपासायला विसरला. ते आधी ओशाळले, मग हसायला लागले. इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी नेमकं कशाचं, हे मोजायला मायक्रोमीटर उपयोगाचा नव्हता.

आजी उठली. तांदळाच्या डब्याची मूठ धरून तिने झाकण उचललं आणि तांदळात हात घालून एक पुडकं काढलं. दोन महिन्यांचा "पगार". पोस्टातल्या खात्यातून आजोबा तो काढत होते हे तिने ओळखलं होतं आणि त्याला हात लावला नव्हता. घर वडिलांच्या पगारात आणि तिच्या काटकसरीत चाललं होतं. मला आता आठवलं, की त्या दिवसांत आजोबांच्या डब्यात मात्र पोळ्या दोन जास्त असायच्या.

"मग बोलली का नाहीस?" आजोबांनी विचारलं.

"तुम्हाला सांगायचं तेव्हा सांगाल. मी कशाला आवळू?"

दुसऱ्या दिवशी आजोबा साडेसहाऐवजी आठला उठले. तिसऱ्या दिवशी मात्र पुन्हा साडेसहाला डबा घेऊन निघाले, आता सांगून. टपरीवरच्या एका पोराच्या मामाचा इस्टेटीतच छोटा गाळा होता. दोन लेथ, एक ड्रिल, आणि टर्नर सोडून गेलेला. आजोबा तिथे जे चिकटले ते सत्तरी उलटेपर्यंत. जुन्या कारखान्याचा हिशेब पुढे कितीतरी वर्षांनी हाती आला. त्यात सूत आणि थाऊ सोडाच, वारांचे वार कमी होते. आजोबांनी ती पावती अकरा गेटपासांच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, "बघ लेका, दोन्ही बाजूंची मापं एका पिशवीत आली."

आजोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवसकार्याला ओळखीचे कमी आणि हाताला तेलाचे डाग असलेले लोक जास्त आले होते. आज वागळे इस्टेटीत काचेच्या इमारती आहेत, पासपोर्ट सेवा केंद्र आहे. जिथे लोक हजेरीचं कार्ड पंच करून आत जात, तिथे परदेशी जाण्यासाठी रांगा लागतात. पण गल्लीबोळांतल्या गाळ्यांमधून लेथचा आवाज अजून येतो.

मध्यंतरी आईने आजीसाठी नवा डबा आणला. घट्ट झाकणाचा, हवाबंद. इतका हवाबंद, की आजीच्याने तो उघडेचना. मी जुन्या डब्याची एक मूठ खिशात घालून इस्टेटीत गेलो. पहिल्या ठिकाणी कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं होती. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "सर, पाचशे नग असतील तर करू." अकरा डब्यांच्या घराला पाचशे मुठी म्हणजे फारच झालं. मी तीन-चार गाळे हिंडलो. शेवटी एका गाळ्यात पन्नाशीतल्या एका गृहस्थांनी ती मूठ हातात घेतली, उजेडात धरली आणि डावा डोळा मिटला. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "टपरीवर आम्ही या माणसाची पोळी खाल्लीय."

मूठ करायला त्यांना वीस मिनिटं लागली. पैसे घेईनात. मी फार आग्रह केला तेव्हा पितळेच्या तुकड्याचे तेवढे घेतले आणि त्याची पावती दिली.

घरी येऊन मी झाकणाला मूठ बसवली आणि डबा आजीपुढे ठेवला. तिने वाकड्या बोटांनी मूठ धरली, झाकण उचललं, पुन्हा बसवलं, पुन्हा उचललं. मग मूठ चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिली.

"एक सूत मोठी आहे," आजी म्हणाली. "चालेल."