अक्षराचे वळण

माणसामाणसाचे अक्षर वेगळे असते. बाराखडी तीच, अलिफ-बे तेच. पण एकाचे अक्षर टपोरे, दुसऱ्याचे किरटे, तर तिसऱ्याचे मोत्याच्या दाण्यांसारखे. 'त्याच्या अक्षराला वळण आहे,' असे आपण मराठीत कौतुकाने म्हणतो. संगणकाला मात्र स्वतःचे वळण नसते. ते त्याला बाहेरून द्यावे लागते. ज्या संचातून ते मिळते, त्याला 'फॉन्ट' म्हणतात.

हे वळण किती मोलाचे असते, ते मला अब्बांमुळे कळले. अब्बा कातिब होते. मुंबईच्या एका उर्दू वर्तमानपत्रात त्यांनी पंचवीस वर्षे काम केले. इतरांनी लिहून दिलेला मजकूर ते बोरूने सुंदर नस्तालीक वळणात उतरवीत आणि त्यावरून अंक छापला जाई. मराठी छापखान्यांत जुळारी शिशाचे खिळे जुळवीत. नस्तालीक मात्र अशा खिळ्यांत सहज मावत नसे. त्याचे कारण तुम्ही रोज वहीत पाहता. 'बे' कोणत्या अक्षराला जोडले आहे, त्यावर त्याचा आकार ठरतो. शिवाय शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि तिरका खाली उतरतो. म्हणून यंत्रे आली, तरी उर्दूला कातिबाचा हात लागतच राहिला.

१९८१ साली पाकिस्तानातील सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांचे 'नूरी नस्तालीक' आले. सुटी अक्षरे न घेता त्यांनी एकमेकांत जुळलेल्या अक्षरांच्या हजारो आकृती हाताने लिहिल्या आणि त्या यंत्रात साठवण्यात आल्या. पुढे १९९४ साली उर्दू मजकूर रचण्यासाठी 'इनपेज' आले. हळूहळू कातिबांच्या बैठका रिकाम्या झाल्या. अब्बांची बैठकही त्यांत गेली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण घरात संगणक आला, तेव्हा ते त्या खोलीत पाऊल टाकीनासे झाले.

काही वर्षांपूर्वी हैदराबादेहून फुफींचे पत्र आले, तेही संगणकावर. त्यांनी सांगितले होते आणि नातवाने टंकले होते. फुफी आजारी होत्या. मी अब्बांना आग्रहाने पडद्यासमोर बसवले. मजकूर उर्दूच होता, पण नस्ख वळणात. अब्बा चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.

"बेटा, अक्षरे ओळखीची आहेत, पण हा माझ्या बहिणीचा खत वाटत नाही," असे म्हणून ते उठले.

त्या रात्री मी नस्तालीकचा फॉन्ट शोधला. गूगलने 'नोटो नस्तालीक उर्दू' नावाचा फॉन्ट सर्वांसाठी मोफत खुला केला आहे. तो इंटरनेटवरून उतरवून घेतला. फाइल उघडताच अक्षरांचा नमुना दिसला आणि वर 'इन्स्टॉल' असे बटण. ते दाबले आणि संगणकाच्या 'फॉन्ट्स' या कप्प्यात एका नावाची भर पडली. मग पत्राचा सगळा मजकूर निवडून यादीतून ते नाव घेतले. एकही अक्षर पुन्हा टंकावे लागले नाही. तरी पत्राचे रूप पालटले.

हे कसे घडते? संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही, आकडा साठवतो. 'युनिकोड' या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात 'बे'चा आकडा १५७६ आणि 'क'चा २३२५ आहे. फॉन्ट बदलला, तरी आकडा बदलत नाही. माणूस तोच, अंगरखा तेवढा नवा.

सकाळी अब्बांनी पत्र दोनदा वाचले. फुफींना फोन लावायला सांगितले. बोलणे झाल्यावर ते पुन्हा पडद्यासमोर येऊन बसले. कातिब कलमाच्या नुक्त्याने अक्षर मोजतात. अब्बांनी डोळ्यांनीच अलिफाची उंची मोजली, 'काफ'चा मरकज न्याहाळला आणि म्हणाले, "यंत्राला हे कुठून सुचणार? यामागे कुणीतरी कलम धरणारा आहे."

मराठीचीही गोष्ट अशीच. १९९८ साली मी अम्मीवर एक मराठी लेख लिहून टंकून घेतला होता. त्या काळचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत आणि त्यांची मांडणी एकसारखी नसे. नव्या संगणकावर लेख उघडला, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! अम्मी तोवर आम्हांला सोडून गेली होती आणि लेखाची दुसरी प्रत नव्हती. एका जुन्या टंकलेखकाकडे तो फॉन्ट मिळाला. तो बसवला, तेव्हा कुठे अम्मीचे नाव पडद्यावर दिसले. मग माझ्या मुलीने सगळा लेख युनिकोडमध्ये पुन्हा टंकला. तिने वापरलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. जोशी हे मराठी कवी आणि नामवंत सुलेखनकार. म्हणजे इथेही कलम धरणारा हात आहेच.

हे अब्बांना सांगितले, तेव्हा त्यांनी ट्रंकेतून चार पाने काढून दिली. अम्मीविषयी त्यांनी ती उर्दूत लिहून ठेवली होती. मुलीने ती टंकली. आता एकाच पुस्तिकेत उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि मराठी डावीकडून उजवीकडे. मुलांनो, तुम्हीही या दोन्ही वाटांनी चालता. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी अशाच टंकून ठेवा आणि त्या शोभतील अशा वळणात छापा.

पुस्तिका तयार झाली. मुखपृष्ठावरच्या नावासाठी कोणता फॉन्ट घ्यावा, असे मुलीने विचारले. अब्बा म्हणाले, "ते नाव मी लिहीन," आणि त्यांनी दौत मागवली.