लांबून वाजवलेली गाणी

'शक्ती'चा 'धिस मोमेंट' तबकडीवर ऐकावा का? माझं उत्तर: ऐकावा, आणि अख्खा ऐकावा. फोनवर न आवडलेलं गाणं आपण सरळ पुढे ढकलतो. तबकडीवर तसं करायचं तर खुर्चीतून उठावं लागतं! पावसाळी शनिवारी आम्हा रत्नागिरीकरांना तेवढा उत्साह कुठला?

'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'तून जॅझ-रॉक गाजवणारे जॉन मॅकलॉफ्लिन आणि आपले झाकीर हुसेन यांनी सत्तरच्या दशकात 'शक्ती' उभी केली. १९७७ नंतर या नावाने स्टुडिओ अल्बम आला तो थेट २०२३ मध्ये. २०२४ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं. तरी खरं सांगतो, अल्बम वर-खाली आहे. मॅकलॉफ्लिन गिटारमधून सिंथचा आवाज काढतात, तो काही ठिकाणी तबला-व्हायोलिनमध्ये मिसळतच नाही, रश्श्यावरच्या तर्रीसारखा वर तरंगत राहतो. काही जागी प्रत्येक जण अफाट वाजवतो, पण कुणी कुणाला दचकवत नाही.

कारण कळलं तेव्हा हसूच आलं. कोविडच्या काळात ही मंडळी आपापल्या ठिकाणी आपापला भाग रेकॉर्ड करून फाइल्स एकमेकांना पाठवत होती. म्हणजे चक्क वर्क फ्रॉम होम! त्यात गायक शंकर महादेवन मुळात सॉफ्टवेअरवाले, म्हणजे आपल्यातलेच. (आईला मात्र ते 'कट्यार'मुळे माहीत.)

पण 'गिरिराज सुधा' लागलं आणि सगळं जुळून आलं. ही रचना २००० साली मुंबईच्या मैफलीतही वाजली होती. वर्षानुवर्षं समोरासमोर बसलं की मग लांबूनही जमतं. समोरचा कुठे थांबणार, हे ठाऊक असतं ना!

आमच्या ऑफिसने सगळ्यांना पुण्याला परत बोलावलंय. मी जाम वैतागलोय. इथे आई-बाबा आहेत, समुद्र आहे, आणि माझं काम कुठे अडत नाही. पण ते का अडत नाही? लॉकडाउनआधी आठ महिने मी सीनियर्सच्या शेजारी बसून काम शिकलो म्हणून. नंतर आलेली पोरं कोड झकास लिहितात, पण शंका विचारायला बिचकतात. त्यांच्या शेजारी कोण बसलं?

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. त्याआधी, २०२३ मध्ये, ही मंडळी पन्नाशीच्या दौऱ्यावर निघाली, एका मंचावर बसून वाजवलं. किती बरं झालं!

असो. मॅनेजरला मेल टाकलाय: महिन्यातले दोन आठवडे पुण्यात येतो, नव्या पोरांच्या बाजूची खुर्ची द्या. बघू काय म्हणतो.