मरळ राहील असं पाणी

पहाटेच्या आधीची वेळ तलावाला सगळ्यात जड जाते. पाण्यातली झाडं, शेवाळ, मासे आणि तळच्या कुजक्या पाल्यावर जगणारे जिवाणू रात्रभर विरघळलेला प्राणवायू वापरत राहतात, आणि तो नव्याने भरून काढणारा सूर्य अजून उगवायचा असतो. उन्हाळ्यात तर पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. अशा वेळी रोहू आणि कटला वर येतात, तोंडं उघडून हवा ओढू लागतात. पाळीवर उभं राहिलं की त्यांची बारीक चुटचुट ऐकू येते. कार्प माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅम तरी प्राणवायू हवा, असं मत्स्यशास्त्राची पुस्तकं सांगतात. आमच्याकडच्या ढिवराला, म्हणजे मासेमाराला, ते पुस्तक लागत नाही. चुटचुट वाढली की त्याची झोप उडते.

आमच्याकडे म्हणजे झाडीपट्टीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सात हजारांच्या घरात जुने तलाव आहेत. गोंडराजांच्या काळात, तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन, असा रिवाज होता म्हणतात. तो कोहळी समाजाने कसबाने फळाला आणला. पुढे तलाव सारावसुली करणाऱ्या मालगुजारांकडे आले, 1951 मध्ये मालगुजारी संपली, आणि माजी मालगुजारी तलावांचे सरकारी कागदावर ‘मामा तलाव’ झाले. मामाकडे भाच्याने लक्ष द्यावं तेवढंच लक्ष सरकारने दिलं, हे ओघाने आलंच.

या तलावांना एकाच अंगाला पाळ असते. तिच्यात पाणी सोडायचं तुडुम, तिथून नहर, आणि नहरेखाली धानाच्या बांध्या. उरलेल्या बाजूंना जमीन इतकी हलक्या उताराने वर चढते की पाणी कुठे संपलं आणि शिवार कुठे सुरू झालं हे नेमकं सांगता येऊ नये. पावसाळ्यात पाणी तिथवर पसरतं, उन्हाळ्यात मागे सरकतं. त्या ओल्या-सुक्या पट्ट्यात देवधान, म्हणजे रानटी धान, उगवतं, कमळं येतात, गुरं चरतात, बगळे हिंडतात. अभियंत्याच्या लेखी या पट्ट्याला फारशी किंमत नाही, कारण तिथे पाणी साठत नाही. मरळीची वीण मात्र तिथेच होते.

मला स्वतःला मासे धरता येत नाहीत, खाता येतात. तरी मरळ पाहावी ती पाण्यातच. पाऊस लागला की उथळ गवतात ती थोडी जागा मोकळी करते. तिथे तिची पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात आणि आई-बाप खाली राखण करतात. पिल्लं निघाली की शेंदरी रंगाचा एक पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरू लागतो. मधूनच तो खळबळतो, पसरतो, पुन्हा एक होतो, आणि त्याच्याखाली काळी सावली सरकत असते. बेडूक जवळ आला तरी ती झेपावते. याच मायेपोटी ती गळालाही लागते. पुंजका दिसला की गळवाल्याला आई कुठे आहे ते कळतं. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर मरळ वर येऊन हवा घेते. तिच्या डोक्यात त्यासाठी खास कप्पे आहेत. ती चिखलातही तग धरते. पहाट तिला मारत नाही, पण काठाचं गवत गेलं तर तिचा वंश खुंटतो.

रोहू-कटल्याचं गणित निराळं. ते साचल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पूर आलेली नदी लागते. पूर्वी त्यांचं बीज नद्यांतून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प मासे विणवले, आणि बीज थैलीत भरून कुठेही नेता येऊ लागलं. मोठंच काम होतं ते. देशात तो दिवस आजही मत्स्यशेतकऱ्यांचा मानला जातो. पण त्यानंतर तलावाकडे बघायची नजर बदलली. बीज टाका, वाढवा, किलोवर मोजा. कार्पची पिल्लं खाते म्हणून मरळ शत्रू ठरली. त्यातच शेतातलं खत पाण्यात उतरून शेवाळ माजलं आणि काठ बेशरमच्या झुडपांनी गिळला.

“पानी सोच्छ दिसते जी, पन मासा रायत नाही,” असं एक म्हातारे ढिवर मला म्हणाले होते. दिसायला स्वच्छ असणं हा पाण्याचा गुण नव्हेच. मत्स्यशेतीवाले काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडतात. ती दीड वितीवर दिसेनाशी झाली तर खूश होतात, कारण पाण्यात माशांच्या खाण्यासारखे प्लवक आहेत. सुशोभीकरणवाल्यांना मात्र तळ दिसणारं पाणी, दगडी कठडा आणि कारंजं हवं असतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी याच्या उलट काम केलं. चिखलात उतरून त्यांनी बेशरम मुळासकट उपटली आणि तळाशी मूळची पाणगवतं पुन्हा रोवली. पाणवनस्पती वाढल्या, तसे गावठी मासे आणि पक्षी परतू लागले. त्यांचं परतणं हीच पाण्याची खरी तपासणी मी मानतो.

आता गाळमुक्त धरण योजना आहे, 2017 पासूनची. गाळ काढणं चांगलंच. तलाव खोल होतो, शेतात सुपीक माती पडते. पण पोकलेनला मोकळं सोडलं तर ते तलावाची कढई करतं, चारही बाजू उभ्या कापून. म्हणून यंदा तुमच्या गावच्या तलावात यंत्र उतरणार असेल तर ग्रामसभेत आधी ढिवरांना बोलू द्या. गाळ पाळीकडच्या खोल भागातून काढा. पाणी येतं त्या अंगाचा उथळ उतार आणि त्यावरचं देवधान तसंच राहू द्या, आणि हे कामाच्या आदेशात लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पोकलेनवाल्यापर्यंत पोचत नाही.