मुठेल

रातांब्याचा हंगाम आला की रत्नागिरीच्या आमच्या घरी अंगणात दोन वाळवणं पडत. एकीकडे सालींचं, म्हणजे आमसुलांचं आणि दुसरीकडे बियांचं. आमसुलांवर सगळ्या घराचा डोळा असे, बियांवर फक्त आजीचा. वाळलेल्या बिया फोडून आतला गर ती कांडायची आणि मोठ्या पातेल्यात पाणी घालून उकळत ठेवायची. सगळं निवलं की पाण्यावर पांढरट थर धरलेला असायचा. तो काढून, पुन्हा वितळवून, गाळून कोमट असतानाच ती त्याचे लांबट गोळे वळायची. मुठीत वळायचं म्हणून मुठेल, असं ती सांगायची. गोव्याकडे यालाच भिरंडेल म्हणतात.

थंडीत रात्रीची जेवणं आटोपली की आजी लोखंडी पळीत मुठेलाचा तुकडा घेऊन निखाऱ्यावर धरायची. तुकडा कडेने पारदर्शक होत जायचा, मधे पांढरं बेट उरायचं, मग तेही विरायचं. बोटाने एकेक थेंब ती माझ्या टाचेच्या भेगेत सोडायची. चटका बसला की मी पाय ओढून घ्यायची. "थांब गो, गोठू दे आधी," ती म्हणायची. बघता बघता थेंब पांढरा व्हायचा आणि भेग बुजून जायची.

पुण्याला शिकायला निघाले तेव्हा आईने दोन गोळे कागदात गुंडाळून दिले. होस्टेलवर निखारा कुठला? ते ट्रंकेच्या तळाशीच राहिले. पुढची पंचवीस वर्षं मी बाटलीतली लोशनं लावली आणि बाटलीवर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही.

मग एकदा लेकीने क्रीमची डबी आणली. डबीवर रातांब्याचं लालजर्द चित्र! मला भरून आलं. मी ती हातात घेऊन बसलेच. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती. त्यात कोकम शोधायला मला चष्मा लावून दोनदा वाचावं लागलं. 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' हे आमच्या मुठेलाचं डबीवरचं नाव आणि ते यादीच्या पार शेवटी, परफ्यूमच्याही खाली.

लेक फार्मसी शिकलेली. तिने बोट ठेवून समजावलं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावतात, जे जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही मांडता येतात. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांतही हेच आहे. मग ती एका लांबलचक नावापाशी थांबली. फिनॉक्सीएथेनॉल. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि त्याची मर्यादा एक टक्का. म्हणजे त्याच्या खाली जे जे येतं ते बहुधा टक्क्याच्या आतलं. आमचं कोकम त्याच्या खाली चौथं होतं. पन्नास ग्रॅमच्या डबीत अर्धा ग्रॅम तरी असेल का? चित्र मात्र झाकणभर. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी दुकानात डब्या उलट्या करूनच बघते. दुसऱ्या एका साध्या डबीवर चित्रबित्र काही नव्हतं, पण पाणी आणि ग्लिसरीन यांच्या पाठोपाठ तिसरं नाव कोकमाचं होतं. तीच घेतली. यादीवरून क्रम कळतो, नेमकं प्रमाण नाही, हे मला ठाऊक आहे. आणि त्या लांब नावांशी माझं वैरही नाही. जिथे पाणी आहे तिथे बुरशी येणारच, तेव्हा टिकवणारं काही तरी हवंच. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, त्यावर स्निग्ध थर असला की ते उडून जात नाही. दोघांची कामं वेगळी. आजीच्या गोळ्यात पाण्याचा अंशही नव्हता, म्हणून तो नुसत्या कागदात राहायचा. त्यात निम्म्याहून अधिक वाटा स्टिअरिक आम्लाचा, बाकी बराचसा ओलेइकचा. चाळीस अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून खोलीत दगडासारखा आणि पळीत पाण्यासारखा.

यंदा काकूने गावाहून चार गोळे पाठवले. आईला आता वाकता येत नाही. गॅसची ज्योत बारीक करून मी पळी धरली. कडा पारदर्शक झाल्या, मधे बेट उरलं. पहिला थेंब आईच्या टाचेत सोडला तेव्हा तिने पाय जरासाही हलवला नाही. डोळे मिटून स्वतःलाच म्हणाली, "थांब गो, गोठू दे आधी."