मागच्या रांगेतला

समूहगीत बसवताना सरावाला न येणाऱ्या मुलापेक्षा येऊन न गाणारा मुलगा जास्त छळतो. न येणारा निदान हजेरीत सापडतो. हा मात्र मागच्या रांगेत इमानदारीत उभा असतो. ध्रुवपदाला तोंड मोठं उघडतं, कडवं आलं की नजर खिडकीतून थेट मैदानावर. पंधरा-वीस गळे एकदम लागले की पेटीवर बसून काही कळत नाही. मग मी पेटी एखाद्या मुलीकडे देतो आणि रांगेच्या मागून चालत जातो. गाणाऱ्याची पाठ ओळ उचलण्याआधी श्वासानं किंचित फुगते. ओठ हलवणाऱ्याची ढिम्म असते.

अशाला सगळ्यांसमोर उभं करून "हं, आता तू एकटा म्हण" म्हणणं हा जुना रिवाज. मला तो मुळीच पटत नाही. एकट्यानं गायची भीती वाटते म्हणूनच तर तो समूहात आलेला असतो. किंवा आईनं घातलेला असतो, किंवा सरावापायी गणिताचा तास बुडतो म्हणून. हल्ली आणखी एक प्रश्न येतो, "सर, याचे दहावीला मार्क मिळतात का?" शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या तर वाढीव गुण मिळतात बाबा, मागच्या रांगेत उभं राहिल्याचे नाहीत!

मुलगा आठवी-नववीतला असेल तर मी आधी त्याचा गळा बघतो, बाजूला घेऊन. गाणं मुलींच्या सोयीनं काळी चारमध्ये बसवलेलं असतं. आवाज फुटलेल्या मुलाला त्या पट्टीत वरचे सूर ताणून लागतात आणि त्यापुढे गळा चिरकतो. सप्तक खाली घेऊन गावं तर मंद्रात आवाजच पोहोचत नाही. शेजारची मुलगी एकदा हसली की तो गप्प होतो, आणि आपण म्हणतो याला गोडीच नाही.

गळा ठीक असूनही जो गात नाही, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: आपल्यावाचून काही अडत नाही. समूहात ते खरंही असतं. म्हणून मी त्याच्या हातात टाळ देतो. केरव्याच्या आठ मात्रांत टाळ इकडचा तिकडे झाला की पहिल्या बाकावरच्या पोरालाही कळतं. अशाच एका मुलानं सुरुवातीला लय इतकी पळवली की तबल्यावरचा मुलगा वैतागून थांबला आणि म्हणाला, "अरे, गाडी सुटतेय का तुझी?" सगळे हसले, तोही हसला, आणि पुढच्या वेळी त्यानं डोळे तबल्यावरून हलवले नाहीत. गाणं त्याला तेव्हाही पाठ नव्हतं. ते मी सोडून दिलं.

सगळ्यांना टाळ लागू पडतोच असं नाही. काही जण मग सरावालाच उशिरा येऊ लागतात. रोज वेळेवर येणाऱ्यांनी एकासाठी ताटकळावं, हे मला मान्य नाही. घंटा झाली की पेटी सुरू. गॅदरिंगची यादीही मी बरीच आधी पक्की करतो. ऐन वेळी नाव कापणं दोन्ही बाजूंना जड जातं. यंदाच्या आमच्या उशिरा येणाऱ्याबद्दल खो-खोच्या सरांकडे चौकशी केली, तर मैदानावर तो रोज पहिला हजर. त्याला म्हटलं, "जा, तिकडेच खेळ." पोरगा इतका खूश झाला की मला जरा रागच आला. त्याच्या जागी सहावीतली एक मुलगी घेतली आहे. आवाज बारीक आहे, पण सगळी कडवी म्हणते.